जालन्याच्या मातीत रंगगंधांचे ताटवे

गावाकडच्या शेतात छोटेसे घर बांधावे, भोवती मोठी बाग असावी आणि सुटीचे दिवस तेथे घालवावेत, ही अनेक शहरी कुटुंबांची इच्छा असते. बाग मोठी असली की तिच्या कडांना आणि वाटांच्या बाजूंना एखादी संकल्पना ठरवून ताटवे लावण्याचा विचार पुढे येतो. कुणाला एकाच रंगाची फुले हवी असतात, कुणाला सुगंधी झाडे, तर कुणाला फुलपाखरांना बोलावणारी झुडपे. मात्र जालना जिल्ह्यात अशी संकल्पना ठरविताना पहिला प्रश्न रंगाचा नसून पाण्याचा आहे.

मूळ कल्पना इंग्लंडची

संकल्पनेवर आधारित लांब ताटव्यांची पद्धत प्रामुख्याने इंग्लंडमध्ये रुजली. गर्ट्रूड जेकिल या उद्यानरचनाकार महिलेने सरे परगण्यातील मन्स्टेड वूड या आपल्या घरी रंगसंगतीचे प्रयोग केले आणि १९०८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेने सिसिंगहर्स्ट येथे फुलविलेली पांढऱ्या फुलांची बाग जगभर नावाजली गेली.

तेथील बहुतेक झाडे थंडीत जमिनीलगत सुकतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. आपल्याकडे झाडांची परीक्षा घेतो तो उन्हाळा. त्यामुळे परदेशी पुस्तकातील यादी येथे जशीच्या तशी उतरविता येत नाही. घ्यायचे ते तत्त्व: एक कल्पना, तिच्याशी जुळणारी मोजकी झाडे आणि त्यांची पुनरावृत्ती.

आधी पाण्याचा हिशेब

जालन्याचे वार्षिक पाऊसमान सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर असते आणि त्यात मोठे चढउतार होतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. जेथे पोटापाण्याच्या बागा जगविणे कठीण झाले, तेथे हौसेच्या बागेने पाण्याची उधळपट्टी करणे योग्य नव्हे, आणि ती टिकणारही नाही.

२० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद ताटवा म्हणजे ६० चौरस मीटर जागा. काटक झुडपांसाठी चौरस मीटरला रोज सरासरी २ लिटर पाणी धरले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत १४,४०० लिटर लागतील. तेवढ्याच जागेत हिरवळ लावून रोज ५ लिटर धरले, तर हाच आकडा ३६,००० लिटरवर जातो. उलट १०० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६०,००० लिटर पाणी पडते. गळती व नासाडी वजा जाता त्यातील मोठा भाग टाकीत साठविता येतो. ताटव्याची लांबी या साठ्यावरून ठरवावी.

जमिनीची तयारी

काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून ताटवा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा आणि पाण्याला उतार द्यावा. खड्डे उन्हाळ्यात खोदून तापू द्यावेत. नंतर त्यांत माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत भरून पहिल्या चांगल्या पावसानंतर लागवड करावी. अनंतासारख्या आम्लधर्मी जमीन मानवणाऱ्या झाडाची पाने चुनखडीयुक्त जमिनीत पिवळी पडतात. ते कुंडीतच बरे.

चार संकल्पना

*पांढरा सुगंधी ताटवा:* दुपारच्या कडक उन्हात फिकट रंग निस्तेज दिसतात, पण संध्याकाळी पांढरी फुले उठून दिसतात. अंगणात बसण्याची वेळही तीच. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई, त्यानंतर पारिजातक आणि हिवाळ्यात कुंद अशी वर्षभराची साखळी येथे जुळते. हा ताटवा घराजवळ असावा, कारण त्याला तुलनेने अधिक पाणी लागते.

*केशरी-पिवळा ताटवा:* याची जागा दूरच्या कुंपणालगत. मागे पळस, पांगारा आणि बहावा, मध्ये बोगनवेल, पुढे पिवळी कोरांटी. वसंतात पळस-पांगारा, तर एप्रिल-मेमध्ये बहावा फुलतो. पुढच्या ओळीत झेंडू लावल्यास दसऱ्याचीही सोय होते. पळस सावकाश वाढतो, त्यासाठी काही वर्षांचा धीर हवा.

*फुलपाखरांचा ताटवा:* केवळ मधाची फुले पुरत नाहीत. अळ्यांना खाद्य देणारी झाडेही हवीत. रुई, कढीपत्ता, लिंबू आणि बहावा यांवर वेगवेगळ्या जातींची फुलपाखरे अंडी घालतात. लिंबावर वाढणाऱ्या अळ्या मोसंबीची कोवळी पानेही खातात, म्हणून हा ताटवा मोसंबीच्या नव्या लागवडीपासून दूर ठेवावा. येथे कीटकनाशक फवारू नये.

*नक्षत्रवृक्षांची रांग:* परंपरेने २७ नक्षत्रांना प्रत्येकी एक आराध्यवृक्ष मानला आहे. त्यांपैकी आवळा, जांभूळ, खैर, पळस, बेल, शमी, कडुनिंब आणि मोह हे वृक्ष येथील हवामानात चांगले तग धरतात. वेत किंवा नागचाफा यांच्यासाठी हट्ट धरू नये. वड, पिंपळ आणि उंबर घरापासून व विहिरीपासून लांब लावावेत. उंच रांग वाऱ्याच्या दिशेला असल्यास ती उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते आणि बाकीच्या ताटव्यांना आधार मिळतो.

मांडणी आणि निगा

उंच झाडे मागे, मध्यम झुडपे मध्ये आणि बुटकी रोपे पुढे हा सर्वसाधारण नियम. एका जातीची तीन किंवा पाच रोपे एकत्र लावून तोच गट काही अंतराने पुन्हा आणावा, म्हणजे लांब ताटवा विस्कळीत वाटत नाही. मागील बाजूस दोन फुटांची वाट ठेवल्यास छाटणी सोपी होते. कण्हेर काटक असली तरी विषारी आहे. लहान मुले आणि जनावरे असतील तेथे ती टाळावी.

सारखे पाणी लागणारी झाडे एका ठिबक नळीवर घ्यावीत आणि प्रत्येक ताटव्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवावा. टंचाईच्या वर्षी कोणता ताटवा आधी बंद करायचा, हे त्यामुळे ठरविता येते. उसाचे पाचट, पालापाचोळा किंवा बारीक केलेल्या तुरकाट्या यांचे चार बोटे जाड आच्छादन बुंध्यापासून थोडे दूर पसरावे. मोगऱ्याची छाटणी जानेवारीत करावी.

पहिल्याच वर्षी चारही ताटवे हाती घेण्याचा मोह आवरावा. एकच लावावा आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा. मेअखेर जी झाडे हिरवी राहतील, त्यांच्याच आधारे पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या ताटव्याची यादी करावी.