संमोहन आणि मनोजन्य पक्षाघात

नसा, मणका, मेंदू यांपैकी कशालाही इजा नसताना हात किंवा पाय हलेनासा होतो, त्याला मनोजन्य पक्षाघात म्हणतात. आजच्या वैद्यकात ‘कार्यात्मक’ हा शब्द अधिक चालतो. संमोहनातल्या सूचनेनेही धडधाकट माणसाचा हात असाच लुळा पडू शकतो. या दोन अवस्थांचे नाते काय, हा प्रश्न जुना आहे आणि त्याच्या मुळाशी जायचे तर गोव्यापासून सुरुवात करावी लागते.

आबे फारिया, म्हणजे जुझे कुस्तोदिओ द फारिया, यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळीत झाला. कोवळ्या वयात ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये शिकून पाद्री झाले. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहताच त्यांची वाचा बसली, अशी आख्यायिका गोव्यात सांगतात. वडिलांनी कोकणीत हळूच म्हटले, ‘कातर रे भाजी’. समोरचे सगळे भाजीपाला समज आणि चीर! जीभ मोकळी झाली आणि प्रवचन रंगले. कथेत इतिहास किती आणि मीठमसाला किती, हे सोडून देऊ. पण भीतीने गेलेली वाचा तीन शब्दांनी परत यावी, हे याच विषयाला शोभणारे आहे.

१८१३ साली फारियांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. तेव्हा मेस्मर यांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चा बोलबाला होता, झोपवणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो, अशी समजूत होती. फारियांनी ती साफ नाकारली. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगायचे आणि मग हुकूम सोडायचा : ‘झोपा!’ त्यांच्या मते सारी करामत झोपणाऱ्याच्या मनाची होती, झोपवणाऱ्याच्या शक्तीची नव्हे. पॅरिसने त्यांना भोंदू ठरवले. २० सप्टेंबर १८१९ रोजी ते वारले; त्यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. पुढे अलेक्झांडर ड्यूमा यांनी ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मधल्या कैद्याला त्यांचे नाव दिले आणि जग त्यांना त्या कादंबरीमुळेच ओळखू लागले.

१८८०च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांनी संमोहित रुग्णांचे हात निव्वळ सूचनेने लुळे करून दाखवले. अपघाताच्या धक्क्यानंतर येणारा, पण इजा न सापडणारा पक्षाघात हुबेहूब असाच असतो, हे त्यांनी ताडले. मात्र संमोहित होणे हेच उन्मादाचे (हिस्टेरियाचे) लक्षण आहे, हा त्यांचा ग्रह चुकीचा निघाला. नान्सी शहरातले डॉक्टर बर्नहाइम यांनी तो खोडून काढला आणि सूचनेच्या सिद्धान्ताचे श्रेय फारियांना दिले. शार्कोंचे विद्यार्थी फ्रॉइड यांनी १८९३ मध्ये नेमके निरीक्षण नोंदवले : असा पक्षाघात नसांच्या जाळ्याला जुमानत नाही, सामान्य माणसाच्या मनात ‘हात’ म्हणून जे असते, तेवढेच लुळे पडते.

मेंदूत डोकावायची सोय झाल्यावर या प्रश्नाला नवे वळण मिळाले. १९९७ मध्ये मार्शल, हॅलिगन आणि सहकाऱ्यांनी कोणतीही इजा नसताना डावा पाय न हलणाऱ्या एका स्त्रीचे पेट स्कॅन केले. पाय हलवण्याचा प्रयत्न करताना तिच्या उजव्या मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या भागात, अपेक्षित सक्रियता दिसली नाही. उलट भावना आणि निर्णय यांच्याशी निगडित असलेले अँटिरिअर सिंग्युलेट आणि ऑर्बिटोफ्रंटल हे भाग जागे झाले. २००० साली संमोहनाने पाय लुळा केलेल्या एका माणसात हेच दोन भाग दिसले. अर्थात दोन्हीकडे एकेकच व्यक्ती होती, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांचे चित्र असेच आलेले नाही.

२००९ मध्ये कोजान यांच्या गटाने संमोहनाने डावा हात लुळा केला, तेव्हा मोटर कॉर्टेक्स हालचालीची तयारी करताना आढळला; फक्त त्याचा संबंध प्रीक्युनियसशी, म्हणजे स्वतःविषयीच्या प्रतिमा आणि आठवणी हाताळणाऱ्या भागाशी, वाढला होता. मुद्दाम सोंग करणाऱ्यांत चित्र वेगळे होते. त्याआधी २००१ मध्ये व्ह्युलमियर यांना मनोजन्य पक्षाघाताच्या सात रुग्णांच्या थॅलॅमस आणि बेसल गँग्लियामध्ये मंदावलेले रक्ताभिसरण दिसले. जे बरे झाले, त्यांच्यात ते पूर्ववत झाले. थोडक्यात, ‘नाटक करतोय’ हा नातेवाइकांचा शेरा स्कॅनपुढे टिकत नाही.

निदानासाठी मात्र स्कॅनची गरज नसते. १९०८ मध्ये हूवर यांनी सांगितलेली खूण आजही वापरतात. रुग्णाला लुळा पाय खाली दाबायला सांगितले, तर जोर लागत नाही. पण चांगला पाय विरोधाला न जुमानता उचलायला सांगितले, की तोच लुळा पाय आपसूक गादीवर दाबला जातो. ही खूण रुग्णालाच दाखवून, पाय शाबूत असल्याचे समजावून, फिजिओथेरपी सुरू करण्याची पद्धत आता रूढ होत आहे. संमोहनाचाही पूरक उपयोग काही ठिकाणी करतात.

धुळ्याच्या देवपुरात काय किंवा जळगावात काय, एक बाजू अचानक लुळी पडली की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, आणि कुणी ना कुणी भगताचे नाव सुचवतोच. पक्षाघात मनोजन्य आहे की मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, हे घरच्यांनी ठरवू नये. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून आधी रुग्णालय गाठा. मनाचा विचार डॉक्टरांनी तपासल्यावर करता येईल.