मठाराच्या खुणा

नाशिकच्या जुन्या गावात भांडी बाजार आहे, तांबट लेन आहे. हाताने घडवलेले तांब्याचे घंगाळ किंवा बंब नीट पाहिला, तर त्याच्या अंगावर एकाशेजारी एक असे चपटे, चकचकीत ठोके दिसतात. हा मठार. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण नक्षी होण्याआधी मठार हे एक आवश्यक काम आहे.

या भागाची तांब्याशी ओळख फार जुनी. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेरजवळील जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीचा काळ साधारण इ. स. पू. १४०० ते ७०० मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून परदेशी तांब्याचे तयार पत्रे येऊ लागले. पत्रा पाडण्याचे कष्ट वाचले, पण पत्र्याचे भांडे करण्याचे कसब हातातच राहिले.

हे कसब कशात आहे? सपाट पत्रा ठोकून खोलगट करताना तांबे कडक होत जाते. ठोकतच राहिले तर ते तडकते. म्हणून तांबट ते भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवतो. ते पुन्हा मऊ होते आणि ठोकणे पुढे चालू होते. मोठ्या भांड्याचे भाग वेगवेगळे घडवतात. सांध्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवतात आणि सवागी लावून पितळी डाख वितळवतात. चांगल्या भांड्यात ही दातेरी रेघ निरखून पाहिल्याशिवाय सापडत नाही.

आता अडचण अशी, की डाख देताना बसलेल्या आचेने भांडे पुन्हा मऊ पडलेले असते. उचलताना ते दबेल, पोचे येतील. म्हणून सर्वांत शेवटी, थंड भांड्यावर मठार. भांडे लोखंडी आधारावर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ठोक्याला ठोका भिडवत सगळे अंग ठोकून काढतात. एकही जागा सुटता कामा नये, कारण सुटलेली जागा मऊ राहते. हातोडीच्या तोंडावर बारीक ओरखडा असला, तर तो प्रत्येक ठोक्यात उमटतो. ठोकून कडक झालेले तांबे मऊ तांब्याच्या जवळजवळ दुप्पट कठीण असते. त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडेही ताठ राहते.

असे का होते, याचे उत्तर विज्ञानाला १९३४ मध्ये मिळू लागले. टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे मांडले, की धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा काही ठिकाणी चुकलेल्या असतात. हे दोष सरकतात म्हणून धातू वाकतो. ठोकल्यावर दोषांची संख्या वाढते, ते एकमेकांत गुंततात आणि सरकणे अवघड होते. तापवल्यावर नवे, कमी दोषांचे स्फटिक तयार होतात. तांबट हे शब्द न वापरता हेच करत आला होता.

याच सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या, विशेषतः १९३२ चे मॉडेल, सोलून-कापून वेगवान करत होते. कोरड्या तळ्यांवर त्यांच्या शर्यती होत. १९३७ मध्ये त्यांची संघटनाही स्थापन झाली. या गाड्यांना पुढे ‘हॉट रॉड’ नाव पडले. त्यांचा पत्रा घडवणारा कारागीरही शेवटी आतून आधार धरून बाहेरून हलके ठोके देतो. कृती मठाराचीच. फरक एवढाच, की तो नंतर कानस फिरवून ठोक्याची प्रत्येक खूण पुसतो. तिथे चांगले काम ते, जे दिसत नाही. इथे चांगले काम ते, जे मोजता येते. दोन्हीकडे पारख मात्र बारकाव्यांचीच.

वर्गात हे करून पाहता येईल. आवरण काढलेली जाड, एकेरी तांब्याची तार वाकवून पुन्हा सरळ करा. वाकलेली जागा नेमकी सरळ होत नाही. शेजारची जागा वाकते. मग चिमट्यात धरून तार लाल करा आणि पाण्यात बुडवा. ती मऊ झालेली आढळेल. पोलादी सुई अशीच लाल करून बुडवली तर कडक आणि ठिसूळ होते. हा फरक का, यावर विद्यार्थ्यांना विचार करू द्या.

स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर व्यापल्यावर तांबटांचे काम घटले. आज तांब्याची भांडी पुन्हा विकली जातात, पण त्यांतील अनेकांवरचे खळगे साच्याने दाबलेले असतात. ओळखणे सोपे आहे. साच्याचे खळगे सारखे आणि ओळीत असतात, आणि आत हात फिरवला तर त्यांचे उंचवटे लागतात. मठाराचे ठोके थोडे कमी-जास्त असतात, आतली बाजू बरीच सपाट लागते. हा फरक ज्याला कळत नाही, तो दोन्हींना एकच भाव देतो. आणि मग हजारो ठोके घालणारा हात परवडेनासा होतो. कारागिरी टिकण्यासाठी कारागीर लागतो, तितकीच ती वाचू शकणारी नजरही लागते. ती नजर शाळेत घडू शकते.