पडद्यासाठी लेखणी : एका धंद्याच्या वाटेचा इतिहास

वकील व्हावयाचे तर सनद घ्यावी लागते, वैद्य व्हावयाचे तर पदवी लागते, सुताराच्या मुलाला बापाचा रंधा हाताशी असतो. परंतु चित्रपटाची कथा लिहू इच्छिणाऱ्या तरुणाने कोणाच्या दारी जावे? दरवर्षी कितीतरी मुले वही काखोटीला मारून मुंबई-पुण्याकडे निघतात, आणि बहुतेकांना हा प्रश्न तेथे पोहोचल्यावरच पडतो. त्याचे उत्तर आम्ही येथे मराठी चित्रपटाच्या इतिहासात शोधणार आहोत. कारण हा धंदा कोल्हापूर-पुण्यात कसा उभा राहिला, हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

आरंभी तो धंदाच नव्हता. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा कथा प्रेक्षकांना आधीच पाठ होती आणि पात्रांना वाचा नव्हती. अधूनमधून पाटीवर चार ओळी झळकल्या की लेखकाचे काम संपले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ काढला, त्यासाठी नारायण हरी आपट्यांची कथा घेतली. म्हणजे लेखक पडद्याकडे आला तो ग्रंथातून.

1931 साली ‘आलम आरा’ बोलू लागला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि एकाएकी संवाद लिहिणाऱ्याची निकड भासली. असा कारागीर बाजारात तयार नव्हता. मग चित्रसंस्था साहित्यिकांच्या दारी गेल्या. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. हंस पिक्चर्ससाठी त्यांनी ‘छाया’ लिहिला तो 1936 साली. रंगभूमी गाजवलेल्या आचार्य अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ 1938 मध्ये आला. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून 1937 साली ‘कुंकू’ झाला. शिवराम वाशीकरांनी लिहिलेला ‘संत तुकाराम’ 1936 साली निघाला आणि पुढे व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. या पिढीतील बहुतेकांचे नाव आधी झाले होते आणि बोलावणे मागाहून आले. ज्याचे नावच झालेले नाही, अशा मुलाला या वाटेचा काय उपयोग?

त्याच्यासाठी दुसरे उदाहरण आहे, आणि ते अधिक मोलाचे आहे. माणदेशातील शेटफळे गावी 1919 साली जन्मलेले ग. दि. माडगूळकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. घरची गरिबी होती, पोट भरण्यासाठी ते कोल्हापुरास चित्रसंस्थेत आले. ‘ब्रह्मचारी’त त्यांना एक किरकोळ भूमिका मिळाली. काही काळ खांडेकरांचे लेखनिक म्हणून त्यांनी काम केले. पुढे नवयुग चित्रसंस्थेत के. नारायण काळे यांचे मदतनीस झाले. लेखनिकाचे काम म्हणजे काय? दुसऱ्याची वाक्ये उतरून घेणे. वरवर पाहता यात मानाचे काही नाही. परंतु आमच्या मते पडद्याची विद्या मिळण्याची जागा हीच होती.

कारण ही विद्या पुस्तकी नव्हे. कथा सांगते की काय घडले. पटकथा ठरवते की ते कोणत्या क्रमाने दिसावे, प्रसंग कोठे उघडावा आणि कोठे तोडावा. संवाद सांगतात की पात्राने काय बोलावे, आणि काय बोलू नये. कादंबरीकार दहा पानांत जे समजावतो, ते पडद्यावर एका नजरेत उरकावे लागते. हे कौशल्य, कागदावरचे वाक्य नटाच्या तोंडी जाताना, छायालेखकाशी अडताना आणि संकलनाच्या मेजावर कापले जाताना जो पाहतो त्यालाच साधते. चित्रसंस्थेत ही सारी माणसे एकाच आवारात असत आणि महिन्याच्या पगारावर असत. शिकणाऱ्याला तेथे शिकता शिकता दोन घास मिळत.

या उमेदवारीचे फळ पाहा. 1947 सालच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ने माडगूळकरांचे लेखन घरोघरी पोहोचवले. 1950 चा ‘पुढचं पाऊल’, 1952 चा ‘लाखाची गोष्ट’, 1960 चा ‘जगाच्या पाठीवर’ ही रांग पुढे चालली. 1957 सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांचीच. कैद्यांच्या खुल्या वसाहतीची ती कल्पना त्यांच्याच मुलखातल्या, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. कसब कोल्हापूर-पुण्यात मिळाले, पण भांडवल माणदेशातून आले होते.

पुढे ती आवारेच ओस पडली. शांताराम 1942 साली प्रभातमधून बाहेर पडले आणि 1950 नंतरच्या काही वर्षांत प्रभातचे दिवे मालवले. पगाराच्या जागी एकेका चित्रपटाचा करार आला. दोन करारांच्या मधले महिने लेखकाने काढावयाचे कसे? विजय तेंडुलकरांकडे पाहिले म्हणजे एक उत्तर मिळते. ‘सामना’ आणि ‘निशांत’ 1975 साली आले, ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; परंतु त्यामागे वृत्तपत्रांतील नोकरीची आणि रंगभूमीवरील झगड्याची वर्षानुवर्षे होती. चित्रसंस्थेने जे पोसले असते, ते येथे वृत्तपत्राने आणि नाटकाने पोसले.

1960 साली प्रभातच्याच जागेवर सरकारने चित्रपटाची शाळा उघडली, ही आनंदाची गोष्ट. परंतु एक भेद विसरता येत नाही. त्या आवारात पूर्वी उमेदवाराला पगार मिळे. आता विद्यार्थ्याला शुल्क भरावे लागते. माणदेशातील गरीब घरचा, मॅट्रिक नापास मुलगा आज त्या फाटकातून आत जाईल काय?

म्हणून वही घेऊन निघालेल्या तरुणाला आमचे सांगणे एवढेच की, मोठ्या नावाची वाट पाहू नका आणि लहान काम हलके मानू नका. जेथे लिहिलेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जाते, तेथे शिरा. मग ती नाटकमंडळी असो वा वर्तमानपत्राची कचेरी. आपल्या गावची माणसे विसरू नका. आणि ज्यांच्या हाती आज चित्रपटाचा पैसा आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की लेखनिकाला दिलेला पगार हा खर्च नव्हे. ती पेरणी असते.