भीमगीतांचा कवी 'अननोन' कसा झाला?

मोबाईलमधली किंवा पेन ड्राइव्हमधली भीमगीते एकदा उघडून पाहा. गाण्याच्या नावाच्या जागी 'ट्रॅक ०७', कलाकाराच्या जागी 'अननोन आर्टिस्ट' नाहीतर कुठल्यातरी डाउनलोड संकेतस्थळाचे नाव, अल्बम 'जय भीम साँग्स' आणि प्रकार 'डिव्होशनल'. कवीचे नाव शोधूनही सापडत नाही. अनेक कार्यकर्ते म्हणतात, ही तांत्रिक बाब आहे, गाणे वाजते ना, मग झाले. आम्हाला हे मान्य नाही. ज्या समाजाचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, त्या समाजाने स्वतःच्या कवीचे नाव स्वतःच्याच हाताने पुसावे, याला किरकोळ म्हणता येणार नाही.

नाव कुठे नोंदवायचे हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. छापखाना नव्हता तेव्हा आपल्या माणसांनी त्याचे उत्तर शोधले होते. चौदाव्या शतकात चोखोबांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. सोयराबाईंच्या अभंगात 'चोख्याची महारी' अशी छाप येते. या छापेकडे नीट पाहिले पाहिजे. स्त्री म्हणून तिची ओळख नवऱ्याच्या नावाने आणि माणूस म्हणून जातीच्या नावाने. तरीही ती छाप तिने स्वतः घातली आहे, आणि म्हणूनच सोयराबाई नावाची कवयित्री होऊन गेली हे आज सांगता येते. पुढे शाहिरांनी हीच रीत चालवली. भीमराव कर्डकांच्या पिढीने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्यानंतर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' असा आपला शिक्का मारला. हा टॅग गाण्याच्या आतच होता. तो काढायचा तर वृत्त मोडावे लागे, यमक मोडावे लागे.

ध्वनिमुद्रण आले आणि नाव गाण्याच्या बाहेर गेले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे मुद्रण झाले तेव्हा गाणे संपताच तिने स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना चिकटपट्टीवर काय लिहायचे ते कळावे, हे त्याचे कारण दिले जाते. म्हणजे तिथेही नाव आवाजातच होते, पण आता ते कंपनीच्या सोयीसाठी. तबकडीच्या मध्यावरच्या गोल कागदावर काय छापायचे हे कंपनी ठरवू लागली.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीवस्तीत पोहोचले. या क्रांतीला आम्ही कमी लेखत नाही. रेडिओने जे दाखवायला हवे होते ते धाडस टेपरेकॉर्डरने दाखवले. पण कॅसेटच्या एका बाजूला मोजकीच मिनिटे असतात. गाणे आखूड करायचे तर कात्री शेवटच्या कडव्याला लागते, आणि कवीची छाप असते ती तिथेच. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कवी बारीक अक्षरात, आणि काही वेळा 'पारंपरिक' असा शेरा. ज्या कवीचे घर दोन गल्ल्या पलीकडे, तो पारंपरिक कसा?

कायदाही इथे कवीच्या बाजूने फारसा उभा राहिला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कलम ५२अ आले. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर काय छापणे बंधनकारक आहे? मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कमालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. ज्याने शब्द लिहिले आणि ज्याने गायले, त्यांचे नाव छापण्याची सक्ती या कलमात नाही. त्याच कायद्याचे कलम ५७ लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण मिळाले, हे खरे आहे. पण ज्याचे नाव कुठेच उरले नाही त्याच्या वारसांनी हा हक्क कशाच्या आधारे मागायचा? टॅग म्हणजे काही कोर्टातला पुरावा नव्हे. पण नाव टिकले तरच पुराव्याचा शोध सुरू होतो.

आता फाईलकडे येऊ. एमपीथ्री फाईलला आधी नावाची जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प याने फाईलच्या शेपटीला १२८ बाइटांची एक पट्टी जोडली. तिला आयडी३ म्हणतात. त्यात शीर्षकाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला १. कवीला शून्य. हा कट नव्हता. पण इंग्रजी पॉप गाण्याचा साचा डोळ्यांसमोर ठेवला की असेच होते: 'आर्टिस्ट' म्हणजे गाणारा, लिहिणारा गौण. जलशाच्या परंपरेत नेमके उलटे आहे. शिवाय ती पट्टी रोमन लिपीसाठी होती. आजच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. 'वामनदादा कर्डक' या नावाला ४० बाइट लागतात. ३० च्या खणात ते कोंबले तर 'वामनदादा क' एवढेच उरते आणि पुढे मोडके अक्षर.

प्रकारांची यादी तर बघण्यासारखी आहे. मूळ यादीत ८० प्रकार. त्यात ग्रंज आहे, डिस्को आहे, 'एथ्निक' आहे, 'अदर' आहे. कृष्णवर्णीय चर्चचे गॉस्पेल आहे. साधे 'फोक' मात्र नंतर विनअँपने वाढवलेल्या यादीत आले. आता कुणी म्हणेल, भीमगीत 'डिव्होशनल'मध्ये टाकले तर बिघडले कुठे? बिघडते. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा रस्ता आहे असे बजावले होते. भीमगीत पाणी, जमीन, शिक्षण आणि मताचा अधिकार यांबद्दल बोलते. ते आरत्यांच्या रांगेत बसवणे म्हणजे त्यातले राजकारण काढून घेणे.

१९९८ नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण संपली. गीतकाराला वेगळा रकाना मिळाला, संगीतकाराला वेगळा, भाषेलाही मिळाला, देवनागरी चालू लागली. म्हणजे आज तंत्र आडवे येत नाही, आपला आळस येतो. मेमरी कार्ड भरून देणारा दुकानदार शेकडो फायली एकदम निवडतो, कलाकाराच्या रकान्यात स्वतःच्या दुकानाचे नाव टाकतो आणि जतन करतो. क्षणात शेकडो नावे गेली. अख्ख्या समुदायावर बाहेरून एकच नाव चिकटवण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध करून सभागृहाबाहेर पडले होते.

ज्या हत्याराने नावे पुसली तेच हत्यार उलटे वापरता येते. एमपीथ्रीटॅग, किड३ ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. आधी संग्रहाची दुसरी प्रत काढून ठेवा. एका कवीची, पण खात्रीने त्याचीच, गाणी एकत्र निवडा आणि गीतकाराचा रकाना एकदम भरा. ज्या रकान्यांत 'कीप' दिसते त्यांना हात लावू नका, नाहीतर तिथली वेगवेगळी नावे एका फटक्यात एकसारखी होतील. जुन्या गाड्यांतले प्लेअर नवी आवृत्ती वाचत नाहीत, म्हणून २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ठेवावे. आणि हे काम फक्त आपल्या पेन ड्राइव्हपुरते ठेवू नका. लोकांनी टाइप करून भरलेली सीडींची यादी, सीडीडीबी, पुढे एका कंपनीची मालमत्ता झाली. त्यावर उतारा म्हणून म्युझिकब्रेन्झ हा खुला कोश उभा राहिला. तिथे भीमगीतांच्या नोंदी घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

नावे आणायची कुठून? वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकांकडून, जुन्या वह्यांतून, कॅसेटच्या वेष्टनांतून आणि गाळलेल्या शेवटच्या कडव्यांतून. एकाच गाण्यावर दोन घराणी हक्क सांगतात असेही होईल. तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही नावे, सांगणाऱ्याचे गाव आणि तारीख लिहा. काहीच कळले नाही तर गीतकाराचा रकाना कोरा सोडा, पण तिथे 'पारंपरिक' लिहू नका. कोरा रकाना पाहून उद्या कुणीतरी विचारायला निघेल.