घरभाडे, गाडीभाडे आणि घरकुल

मराठीत ‘भाडे’ हा एकच शब्द दोन कामे करतो. खोलीचे भाडे असते, तसे ट्रॅक्टरचेही असते. गृहनिर्माण धोरणाची चर्चा करणारे पहिला अर्थ धरून चालतात, आणि मुंबई-पुण्यापुरते ते ठीकच आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांत मात्र दुसरा अर्थ सोडला की हिशेब लागत नाही. इथल्या बहुसंख्य कुटुंबांना घरमालक नाही, त्यामुळे घरभाडेही नाही. तरीही सरकारी मदतीतून उभे राहणारे घर, म्हणजे घरकुल, त्यांना परवडत नाही. ते का परवडत नाही, आणि ज्यांना खरोखर घरभाडे भरावे लागते त्यांच्यासाठी धोरणात काय आहे, हे दोन प्रश्न इथे तपासायचे आहेत. पहिला मोठा आहे, त्यामुळे त्याला जास्त जागा लागेल.

आधी ‘परवडणे’ म्हणजे काय ते ठरवू. जगभर वापरली जाणारी कसोटी अशी की घरावरचा खर्च उत्पन्नाच्या सुमारे 30 टक्क्यांपलीकडे जाऊ नये. ही कसोटी महिन्याचा पगार गृहीत धरते. भामरागड किंवा कोरची तालुक्यातल्या कुटुंबाचे उत्पन्न महिन्याला येत नाही, हंगामाला येते. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मेमध्ये तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान, मध्ये जमेल तशी रोजगार हमीची मजुरी. श्रावणात त्या घरात रोख रक्कम जवळपास नसतेच. अशा उत्पन्नाचे 30 टक्के कोणत्या महिन्याचे काढायचे? म्हणून या भागासाठी कसोटी वेगळी घ्यावी लागते. सरकार देते ती रक्कम आणि घर उभे करायला लागते ती रक्कम यांतली तूट कुटुंबाला कर्ज न काढता, बैलजोडी न विकता भरून काढता येते का? येत असेल तर घर परवडले.

पूर्वी या भागात घर कसे परवडत होते, हे पाहिल्याशिवाय आजची अडचण कळत नाही. माडिया किंवा गोंड आदिवासींचे जुने घर म्हणजे लाकडी खांब, बांबूचा कूड, त्यावर मातीचा गिलावा, वर कवेलू किंवा गवत. सांदवाडीत भाजीचे वेल. यातले बहुतेक सामान जंगलातून यायचे आणि त्यामागे एक मान्य व्यवस्था होती: निस्तार. मध्य प्रांताच्या काळापासून गावकऱ्यांना घरदुरुस्तीसाठी बांबू-लाकूड, जळण आणि चराई यांचे हक्क किंवा सवलती असत. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रकाची तरतूद आहे. त्या काळात ‘गृहनिर्माण अनुदान’ हा शब्द कोणी वापरला नसेल, पण निस्तार हे घरासाठीचे अनुदानच होते आणि ते वस्तुरूपात मिळायचे. त्याचा एक गुण फारसा नोंदला जात नाही. जंगल जितके जवळ तितके घर स्वस्त पडे. म्हणजे सर्वांत आडवाटेच्या गावाला सर्वांत जास्त फायदा होई.

रोख अनुदानाने हे गणित उलटे केले. सामान आता जंगलातून येत नाही, बाजारातून येते. त्यामुळे बाजार जितका दूर तितके घर महाग.

2016 साली इंदिरा आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ 20 वरून 25 चौरस मीटर झाले. मदत सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त जिल्ह्यांत 1 लाख 30 हजार ठरली. शौचालयाचे 12 हजार वेगळे. शिवाय रोजगार हमीतून घरच्याच कामावर 90 किंवा, गडचिरोलीसारख्या ठिकाणी, 95 दिवसांची मजुरी. 2025-26 च्या 312 रुपये दराने ती 29 हजार 640 होते. राज्याच्या योजना याशिवाय आहेत: आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जातींसाठी रमाई, इतर मागासवर्गीयांसाठी 2023 पासून मोदी आवास. नावे अनेक असली तरी ढाचा एकच. मंजुरीचा हप्ता, जोत्याचा हप्ता, मग भिंती-छपराचा, मग शेवटचा. आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर जिओटॅग केलेला फोटो.

25 चौरस मीटर म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. 1 लाख 30 हजार भागिले 269 केले की चौरस फुटाला 483 रुपये येतात. विटा-सिमेंटचे घर ज्याने नुकते बांधले असेल त्याने हा आकडा स्वतःच्या खर्चाशी ताडून पाहावा. केंद्राच्या योजनेतली ही रक्कम 2016 ला ठरली तेवढीच राहिली. सिमेंट, लोखंड आणि मिस्त्रीची मजुरी तेवढीच राहिली नाही. 2025 साली राज्याने आपल्या वतीने 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. भर चांगलीच आहे. पण ती लातूरला तेवढीच आणि भामरागडपलीकडच्या लाहेरीलाही तेवढीच.

आता मूळ मुद्दा. सपाट प्रदेश आणि दुर्गम प्रदेश यांतला फरक धोरणाने 10 हजार रुपये धरला आहे. शासनाच्या लेखी दूरपणाची किंमत एवढीच. ती पुरते का, हे ढोबळ मोजता येते. एवढ्या घराला विटा, गिट्टी, सिमेंट, सळाख, टिन, दारे-खिडक्या मिळून ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या आठ-नऊ खेपा होतात. रेती यात धरलेली नाही, कारण ती जवळच्या नदीतून मिळते असे मानू. (घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत देण्याचा निर्णय झाला आहे, पण रेती मोफत मिळाली तरी ती आणणारा ट्रॅक्टर मोफत येत नाही.) 10 हजार भागिले आठ-नऊ म्हणजे खेपेमागे अकराशे ते साडेबाराशे रुपये. सामान आलापल्लीहून आणायचे धरले तर भामरागड सुमारे 65 किलोमीटर, येऊन-जाऊन 130. अकरा-बाराशे रुपयांत डिझेल येते बारा-तेरा लिटर. भरलेली ट्रॉली ओढून तेवढ्या डिझेलवर एवढे अंतर काटणारा ट्रॅक्टर अजून निघायचा आहे. चालकाची मजुरी आणि मालकाचा नफा यांचा हिशेब तर सुरूही झालेला नाही. भामरागडच्या पुढे लाहेरी, लाहेरीच्या पुढे बिनागुंड्याचा डोंगर. तिथे ट्रॉलीतले सामान उतरवून डोक्यावर न्यायची वेळ येते. डोक्यावरच्या ओझ्याचे भाडे कोणत्याच तक्त्यात नाही.

त्यात हंगामाची कोंडी आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणजे सामान आणायचे ते दिवाळीनंतर. रस्ता कोरडा असतो तेव्हाच सगळ्यांची बांधकामे निघतात, ट्रॅक्टर मोजके असतात आणि भाडे चढते. मिस्त्रीही बाहेरून येतो. त्याचा जेवणा-राहण्याचा खर्च घरधन्याकडे. पुढचा हप्ता अडकला आणि मे उजाडला की घरचे सगळे तेंदूपत्ता तोडायला जातात, कारण वर्षाची रोकड तिथे असते. काम थांबते, पाऊस येतो, जोता तसाच राहतो. कागदावर हे ‘अपूर्ण घरकुल’ म्हणून लागते आणि लाभार्थ्याला नोटीस जाते. नोटिशीत पर्लकोटेचा उल्लेख नसतो.

एटापल्लीच्या पलीकडच्या एखाद्या टोल्यावर (लहान वस्तीवर) पूर्ण झालेले घरकुलही जवळून पाहावे. विटांची भिंत बाहेरून गिलावा केलेली, आतून तशीच. वर टिन. दारावर लाभार्थ्याचे नाव, योजना, वर्ष आणि रक्कम रंगवलेली. आत धानाच्या ढोल्या, मोहाची पोती, कोपऱ्यात सायकल. कुटुंब राहते शेजारच्या जुन्या कुडाच्या घरात, कारण मे महिन्यात टिनाखाली दुपारी थांबवत नाही आणि मातीचे घर थंड राहते. शहरातून आलेला अधिकारी म्हणतो, यांना पक्क्या घराची किंमत नाही. त्यांना ती नेमकी ठाऊक असते. म्हणूनच महागाची वस्तू धान ठेवायला वापरतात आणि सोयीची वस्तू राहायला.

मग कुडाच्या सुधारित घरालाच अनुदान का देऊ नये? योजनेची कागदपत्रे स्थानिक साहित्याचा पुरस्कार करतात. पण पक्के घर म्हणजे नेहमीची झीज सोसून किमान 30 वर्षे टिकणारे घर, अशी त्यांची व्याख्या आहे. बांबूवर प्रक्रिया केली, जोता दगडी घातला तर ते अशक्य नाही. अडचण अशी की पंचायत समितीतल्या अभियंत्याला असे घर तपासायची सवय नाही, आणि ज्याचा फोटो नाकारला जाईल असे घर लाभार्थी बांधत नाही. खरे तर इथेच मोठी संधी वाया जाते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबूच्या धनी झाल्या. ग्रामसभेचा बांबू कागद कारखान्याला विकला जाऊ शकतो, मात्र त्याच गावाच्या घरकुलात तो हिशेबात धरला जात नाही.

रक्कम वाढवल्याचे एक उदाहरण आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत विशेष असुरक्षित आदिवासी गटांना घरासाठी 2 लाख रुपये मिळतात. गडचिरोलीतले माडिया आणि चंद्रपूर-यवतमाळमधले कोलाम त्यात येतात. ही सुधारणा खरी आहे. मात्र ती जमात पाहून ठरते, रस्ता पाहून नाही. त्याच टोल्यावरच्या, माडिया नसलेल्या शेजाऱ्याच्या विटा त्याच ट्रॅक्टरने, त्याच भाड्याने येतात आणि त्याला जुनीच रक्कम मिळते. कोलामांची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. लागूनच जिवती तालुक्यात, माणिकगड पहाडावर कोलामांच्या वस्त्या, म्हणजे कोलामगुडे, आहेत. तिथे सिमेंट दूर नाही. जमिनीचा कागद दूर आहे. वस्तीखालची जमीन वनखात्याच्या नोंदीत असली की घरकुल मंजूर होऊनही बांधायचे कुठे, हा प्रश्न उरतो. जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे, पण विकत घेण्याजोगी खासगी जागा गावात असेल तरच तिचा उपयोग. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून वनहक्क कायद्यात बदल केला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी जागा देण्याची वाट मोकळी केली. अशी वाट देशात क्वचितच कोणी काढली असेल. तिची माहिती मात्र अजून सगळ्या ग्रामसभांपर्यंत पोचलेली दिसत नाही.

आता खऱ्या भाडेकरूंकडे. घरकुलाची सारी भाषा मालकीची आहे; भाड्याने राहणारा माणूस तिच्यात बसत नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर या पट्ट्यात तो मोठ्या संख्येने आहे. खाणीतल्या आणि वीज केंद्रातल्या कायम कामगाराला कंपनीचे क्वार्टर किंवा घरभाडे भत्ता. त्याच खाणीत माती काढणाऱ्या कंत्राटी कामगाराला दोन्ही नाही. तो दहा बाय दहाची खोली बघतो. कायदा त्याच्या बाजूला आहे, कागद नाही. विदर्भात आधी 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला. त्यात भाडेवाढ वर्षाला 4 टक्के धरली आहे आणि करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार लेखी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानायचे, अशीही तरतूद आहे. पण तोंडी ठरलेल्या खोलीतला कामगार चार टक्क्यांसाठी कोर्टात जात नाही. तो दुसरी खोली बघतो.

ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन खचून एक घर पाहता पाहता गडप झाले आणि आसपासची घरे रिकामी करावी लागली. अशा कुटुंबाला दोन वर्षांनी मिळणारे घरकुल त्या रात्री कामाचे नसते, खोली हवी असते. सरकारच्या मालकीची, वाजवी भाड्याची शंभर खोल्यांची चाळ असती तर ती तेव्हा उपयोगी पडली असती. 2025 च्या राज्य गृहनिर्माण धोरणात औद्योगिक कामगार, विद्यार्थी आणि नोकरदार महिला यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा विचार प्रथमच गंभीरपणे आला आहे. तो महानगरांपुरता न ठेवता घुग्घुसपर्यंत यावा.

दुर्गम भागातल्या शिक्षक-ग्रामसेवकांचा प्रश्न याचीच दुसरी बाजू. मुख्यालयी राहिल्याशिवाय घरभाडे भत्ता नाही, असा नियम. गावात भाड्याने द्यायची खोलीच नाही, ही वस्तुस्थिती. मग ग्रामसभेच्या ठरावाचा कागद जोडला जातो, भत्ता निघतो आणि गुरुजी तालुक्याहून ये-जा करतात. या भत्त्याच्या पैशातून गावोगावी दोन खोल्या बांधल्या असत्या तर त्या एव्हाना जुन्याही झाल्या असत्या.

एक आक्षेप राहतो. सगळ्यांना एकच रक्कम दिली की वशिला चालत नाही; गावागणिक दर ठरवले तर टेबलागणिक भाव ठरतील. आक्षेप पोकळ नाही. पण अंतराची मोजणी सरकारला नवी नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग शाळा किंवा अंगणवाडी बांधतो तेव्हा अंदाजपत्रकात ‘लीड’ धरतो: गिट्टी कुठल्या खाणीतून, सिमेंट कुठून, किती किलोमीटर, त्याचे किती. दरसूचीत त्याचे तक्ते छापलेले आहेत, ते कोणालाही पाहता येतात. ठेकेदाराने बांधायचे असले की अंतर मोजले जाते. माडिया माणसाने स्वतः बांधायचे असले की तेच अंतर 10 हजारांत बसवले जाते. घरकुलाच्या मंजुरीपत्रात लीडचा एक रकाना घालावा आणि शेजारच्या अंगणवाडीला लावलेला दर त्यात उतरवावा. त्यासाठी नवी योजना लागत नाही.