रंगाचे चार थर : सावंतवाडीची खेळणी आणि गंजिफा

एखादी वस्तू लहान करून दाखवायची, तर तिच्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे? प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मोटारीच्या प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी लोकांना हा प्रश्न रोज पडतो. २४ पट लहान केलेल्या मोटारीत ४८ सेंटिमीटर रुंदीचे आसन २ सेंटिमीटरचे होते. पण त्या आसनावरची १ मिलिमीटर जाडीची शिवण ०.०४ मिलिमीटरची होते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. ती मापाप्रमाणे रंगवता येत नाही आणि रंगवली तरी दिसत नाही. मग शिवण सोडायची, की मापाला फाटा देऊन थोडी ठळक काढायची?

या प्रश्नाची उत्तरे सिंधुदुर्ग जिल्ह्यात फार पूर्वी शोधली गेली आहेत. हा जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यातील सावंतवाडी हे सावंत-भोसले घराण्याच्या संस्थानाचे गाव. खेम सावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात येथे कलांना आश्रय मिळाला, असे परंपरेने सांगितले जाते. गावात चितारी कुटुंबांची चितारआळी आहे. त्यांच्या कामात लहान वस्तू रंगवण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती आपल्याला एकत्र पाहायला मिळतात.

पहिली रीत लाकडी फळांची. केळे, आंबा, सीताफळ ही येथे खऱ्या आकाराचीच बनवतात. माप एकास एक असल्यामुळे नजर फसवण्याचे सगळे काम रंगाला करावे लागते. आंब्याचा पिवळा देठाकडे कसा लालसर होतो, हे चिताऱ्याला ठाऊक असावे लागते. दुसरी रीत भातुकलीची. चूल, जाते, पोळपाट-लाटणे या वस्तू लहान होतात, पण हातात धरायचे भाग मापापेक्षा जाड ठेवावे लागतात, कारण खेळणाऱ्या मुलाचे बोट त्या प्रमाणात लहान होत नाही. तिसरी रीत गंजिफांची. तेथे मापाचा विचारच सोडून दिला आहे आणि वस्तूची जागा खुणेने घेतली आहे.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल पद्धतीच्या डावात ९६ पत्ते असतात, तर आपल्याकडच्या दशावतारी डावात १२०. मत्स्य, कूर्म, वराह अशा दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात १२ पत्ते : राजा, प्रधान आणि १ ते १० अंकांचे पत्ते. अंक लिहायचा नाही, तेवढ्या खुणा काढायच्या. एका गटात १ ते १० ची बेरीज ५५. दहा गटांच्या मिळून ५५० खुणा आणि शिवाय २० सजवलेले राजे-प्रधान. एका डावासाठी हाताने इतके काम! म्हणूनच नक्षीदार काठांच्या दरबारी गंजिफांबरोबर साध्या, स्वस्त बाजारी गंजिफाही निघाल्या.

हे पत्ते कसे बनत, ते पाहू. पातळ कापडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. चिंचोक्यातील पिष्टासारख्या बहुशर्करेचे लांब रेणू कापडाच्या धाग्यांना घट्ट बिलगतात आणि वाळल्यावर जाड पुठ्ठा तयार होतो. हा झाला पाया. त्यावर खडूच्या भुकटीचे अस्तर देऊन, घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. अस्तर नसेल तर कापड रंग शोषून घेते आणि रेघ फुटते. तिसरा थर रंगाचा आणि चौथा लाखेचा. पाया, अस्तर, रंग, लाख, हाच क्रम लाकडी वस्तूंना लागू पडतो. तेथे पाया पांगाऱ्याचा. पांगारा कोकणात कुंपणाला आणि मिरीच्या वेलाला आधार म्हणून लावतात. त्याचे लाकूड पाण्याच्या निम्म्याहूनही कमी घनतेचे आणि मऊ असल्याने कोरायला सोपे जाते. प्लॅस्टिकची मोटार रंगवणाराही आज याच क्रमाने जातो. फक्त द्रव्ये बदलली आहेत.

शेवटच्या थराचे काम नीट समजून घेतले पाहिजे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर जगणारा लाखेचा किडा ही राळ स्रवतो. ती पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला ती मऊ होते. त्यामुळे लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी नुसती दाबून धरली, तरी घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात, घामाच्या हातांनी पिसले जाणारे खळीचे पत्ते लाखेवाचून एका पावसाळ्यातच बुरशीने गेले असते.

आता रंगांकडे वळू. प्रत्येक गटाची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असते, म्हणजे हातातले पत्ते एका नजरेत ओळखता येतात. रंग येथे शोभेसाठी नाही, तो माहिती देतो. पण एकमेकांपासून वेगळे दिसणारे दहा रंग आणायचे कोठून? आपल्या जुन्या चित्रकारांजवळ लाल हिंगूळ, पिवळा हरताळ, नीळ, काजळी आणि पांढरा सफेदा अशी मोजकी द्रव्ये होती. पाचांतून दोन-दोनच्या जोड्या दहा होतात; हरताळ आणि नीळ मिळून हिरवा होतो. मात्र प्रत्येक जोडी जुळत नाही. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. ते शिशाच्या सफेद्याशी आले की काळे शिशाचे सल्फाइड बनून चित्र काळवंडू शकते. पोथीतील चुकलेली अक्षरे याच पिवळ्या रंगाने झाकत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला.

हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. शेंदरात शिसे असते. मुले खेळणी तोंडात घालतात हे लक्षात घेतले, तर ‘जुने ते सगळे नैसर्गिक आणि म्हणून निर्धोक’ ही समजूत टिकत नाही. खेळण्यांच्या भारतीय मानकात आर्सेनिक, शिसे, पारा, कॅडमियम अशा आठ मूलद्रव्यांवर मर्यादा घातल्या आहेत. २०२१ पासून हे मानक सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना मात्र त्यातून सूट आहे. छोट्या कारागिराला तपासणीचा खर्च झेपणारा नाही, म्हणून ही सूट योग्यच म्हणावी लागेल. पण रसायनांना सूट समजत नाही. बिनविषारी रंग कारागिरांपर्यंत पोहोचवणे, हे आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे कर्तव्य ठरते, असे आम्हाला वाटते.

एकोणिसाव्या शतकात छापील ५२ पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीत ही कला जाणणारे हात अगदी थोडे उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केले. त्यामुळे कला वाचली. खेळ मात्र फारसा परत आला नाही. आज गंजिफा बहुधा भेटवस्तू म्हणून किंवा चौकटीत बसवण्यासाठी विकत घेतल्या जातात. ज्या पत्त्याला कोणी हात लावत नाही, त्याला लाखेची गरज काय? आणि जे गट कोणी ओळखत नाही, त्यांना दहा वेगळे रंग कशाला? वापर संपला की थरांमागची कारणे विसरली जातात आणि मग एकेक थर गळून पडतो.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. जुन्या सुती धोतराचे तुकडे, चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी एवढ्या सामग्रीवर वर्गात एक डाव बनवता येईल. शाळेतील जलरंग वापरावेत. काही पत्त्यांना अस्तर द्यावे, काहींना देऊ नये. काहींवर लाखेचा हात फिरवावा, काही तसेच ठेवावेत. मग तो डाव महिनाभर खेळायला द्यावा. कोणता पत्ता आधी फाटला, कोणत्या पत्त्याचा रंग आधी उडाला, याची नोंद मुलांनीच ठेवावी. चार थर कशासाठी, हे त्या नोंदींवरून त्यांना कळेल आणि खेळताखेळता दशावतारी डावही त्यांच्या हातात बसेल.