कडेच्या माणसापर्यंत उजेड: गिरणीचा ग्रूप फोटो आणि एन्लार्जर

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे फोटोग्राफीचं यंत्र कुठून आलं? पण सोलापुरात जुन्या घरांतून हिंडताना आम्हाला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट भेटते: भिंतीवरचा गिरणीचा ग्रूप फोटो. मधे खुर्च्यांवर साहेब, मास्तर, हेडजॉबर. मागे उभे कामगार. खाली जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरं. आणि अगदी कडेला, अर्धवट चौकटीत आलेला, कुणीतरी बदली कामगार. घरचे म्हणतात, "हे आमचे आजोबा." बोट जातं ते बहुतेक वेळा कडेलाच. आणि तिथे चेहरा पुसट असतो.

तो पुसट का असतो? काळामुळे, ओलीमुळे, हे खरंच. पण मोठ्या केलेल्या फोटोत आणखी एक कारण असतं, आणि ते डार्करूममध्ये सापडतं.

थोडं मागे जाऊ. आपल्या भागात फोटोग्राफी फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या सोसायटीतले नामवंत छायाचित्रकार. पण त्या काळात काचेची निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. कागद निगेटिव्हला चिकटवून उन्हात ठेवायचा, की झालं. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा हवा.

१८५७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्डनं 'सोलर कॅमेऱ्या'चं पेटंट घेतलं. मोठ्या भिंगानं ऊन गोळा करायचं, निगेटिव्हमधून पाठवायचं आणि कॅनव्हासवर माणसाएवढी प्रतिमा पाडायची. सूर्य सरकला की यंत्रही फिरवायचं. वेळ इतका लागायचा की पुष्कळदा फिकट प्रतिमेवर चित्रकारच रंग भरून काम पुरं करायचा. म्हणजे एन्लार्जमेंटचा पहिला प्रश्न काय होता? उजेड पुरत नाही!

पुढे जलद ब्रोमाइड पेपर आला, वीज आली. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची झाली. आता एन्लार्जरशिवाय गत्यंतर नाही. आणि इथे हिशेब समजून घ्या. ही निगेटिव्ह चारपट मोठी केली तर पोस्टकार्डाएवढा फोटो होतो. त्याला १० सेकंद लागत असतील, तर भिंतीवर लावण्यासारखा बारापट फोटो करताना, लेन्सचं छिद्र तेवढंच ठेवलं, तर साधारण ६८ सेकंद लागतात. तोच उजेड मोठ्या जागेवर पसरायचा, म्हणून पातळ होतो.

मग माणूस सोपा उपाय करतो, मोठा बल्ब लावतो. सोलापूरचा मे महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा, आत बंद खोली आणि पत्र्याच्या डब्यात तापलेला बल्ब. निगेटिव्ह उष्णतेनं मधे फुगते, फोकस हलतो. शिवाय व्होल्टेज. २३० चं २०० झालं की साध्या बल्बचा उजेड जवळजवळ चाळीस टक्के कमी होतो. वर तो उजेड तांबूस होतो आणि ब्रोमाइड पेपरला तर निळा उजेड लागतो. म्हणजे डोळ्याला दिसतं त्याहून नुकसान जास्त.

जाणते कारागीर बल्ब बदलायच्या आधी बल्ब सरकवून पाहायचे. एन्लार्जरमध्ये निगेटिव्हच्या वर जाड भिंगांची जोडी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. तिचं काम बल्बचा उजेड निगेटिव्हमधून गोळा करून नेमका खालच्या लेन्समध्ये पोचवायचं. बल्ब जरा वर-खाली झाला तर उजेड लेन्सच्या बाहेर सांडतो. कडा काळवंडतात किंवा मधे डाग पडतो. निगेटिव्ह काढून ठेवायची, खाली पांढरा कागद ठेवायचा, लेन्सचं छिद्र लहान करायचं आणि बल्बची दांडी हळूहळू हलवत चारही कोपरे सारखे होईपर्यंत बघत राहायचं. फुकटचा उपाय! आणि कडेबरोबर एकूण उजेडही वाढतो.

आता नीट लक्ष द्या. एन्लार्जरखाली कोपरा काळोखा दिसतो, पण कागदावर तो उलटा उतरतो. जिथे उजेड कमी पडला, तिथे कागद पांढरट राहतो. म्हणजे साहेबांच्या मिशीचा केस न् केस दिसतो आणि कडेचा माणूस विरून जातो. आपल्याला वाटतं काळानं पुसला.

काचेच्या प्लेटची अडचण वेगळी. ग्रूप फोटोसाठी फुल प्लेट वापरत, साडेसहा बाय साडेआठ इंच. तिचा कर्ण जवळपास पावणेअकरा इंच. कंडेन्सर त्याहून मोठा हवा. एवढं भिंग जड आणि महाग. म्हणून मूळ फोटोचाच पुन्हा फोटो काढून लहान निगेटिव्ह करायची आणि ती मोठी करायची. दोनदा उजेडाची परीक्षा, दोनदा कडेचं नुकसान. काही जण कंडेन्सरऐवजी दुधी काच घालत. तिनं उजेड सारखा पसरतो, जुन्या प्लेटवरचे ओरखडेही झाकतात, पण बराच उजेड ती काच खाते. एकट्या आजोबांचाच फोटो हवा असेल, तर हुशार कारागीर निगेटिव्ह सरकवून तो चेहरा भिंगाच्या मधोमध आणायचा. आयुष्यभर कडेला उभा राहिलेला माणूस असा एकदा मधे यायचा.

गंमत बघा, हा प्रश्न गिरणीला माहीत होता. विणकाम खात्याची छपरं करवतीच्या दात्यांसारखी का बांधत? काचा उत्तरेकडे, म्हणजे थेट ऊन नाही, सावली नाही, प्रत्येक मागावर सारखा उजेड. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य इथे उत्तरेला कलतो, तेवढे दिवस सोडले तर ही युक्ती चालते. तुटलेला धागा दिसावा म्हणून कडेच्या मागापर्यंत उजेड नेला. त्या मागावरच्या माणसासाठी फोटोत तेवढी काळजी प्रत्येक वेळी घेतली गेली नाही.

इतिहास लिहिताना आम्हालाही हेच सांभाळावं लागतं. १९३० च्या मार्शल लॉचं सोलापूर म्हटलं की १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे आठवतात: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ते आठवलेच पाहिजेत. पण त्या गर्दीत कडेला उभे असलेले कोण होते, हे आता घरोघरच्या फोटोंतूनच कळणार.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. फ्रेम उतरवा, मागचा स्टुडिओचा शिक्का वाचा. मोबाइलनं फोटो घ्यायचा तर एका ट्यूबखाली घेऊ नका. एक बाजू उजळ, दुसरी मंद, पुन्हा तीच चूक होते. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे ठेवा किंवा ढगाळ दिवशी अंगणात घ्या. आणि घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर नावं लिहून घ्या. सुरुवात मात्र कडेपासून करा. मधल्या खुर्चीवरच्यांची नावं कुठेतरी सापडतील.